परत फिरू म्हणणारा मित्र

दर पावसाळ्यात एक तरी बातमी येतेच. कुणी धबधब्याखाली वाहून गेलं, कुणाचा किल्ल्यावरून पाय घसरला, धुक्यात वाट चुकून पाचसहा पोरं रात्रभर जंगलात अडकली. मग आठवडाभर सगळीकडे तोच वाद. एक बाजू म्हणते की बंद करा हे सगळं, आईबापांच्या जिवाला घोर लावून कसलं आलंय साहस, यांना शोधायला जाणाऱ्या गावकऱ्यांचा आणि रेस्क्यूवाल्यांचा जीव काय फुकटचा आहे का. दुसरी बाजू छाती पुढे काढून म्हणते की धोका पत्करल्याशिवाय पोरगा पुरुष होत नाही, आम्ही मावळ्यांचे वारस, एसीत बसून बोलणाऱ्यांना काय कळणार. उन्हाळ्याच्या शेवटी बुलेट घेऊन लडाखला निघणाऱ्यांवरूनही जवळजवळ हेच भांडण होतं, फक्त तिथे एका बाजूला 'चाळिशीचं खूळ' असतं आणि दुसऱ्या बाजूला 'स्वतःचा शोध'. मला या वादात सगळ्यात खटकते ती गोष्ट म्हणजे दोन्ही बाजू मुळात एकाच गोष्टीवर सहमत आहेत. दोघांनाही वाटतं की धोका हाच या सगळ्याचा गाभा आहे, एकाला तो नको आहे आणि दुसऱ्याला हवा आहे इतकाच काय तो फरक.

माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. पुरुषांनी मित्रांबरोबर डोंगरात जावं, लांबच्या खडतर प्रवासाला जावं, त्याची आज खरंच गरज आहे असं मला मनापासून वाटतं. पण त्यातून माणूस घडत असेल तर तो उंचीने, किलोमीटरने किंवा जीव टांगणीला लावल्याने घडत नाही. तो घडतो कारण तिथे त्याचं दुसऱ्यावाचून अडतं, आणि ते त्याला कबूल करावं लागतं. घरी, ऑफिसात, नातेवाइकांत आपलं कुणावाचून अडत नाही असं दाखवत जगायची सवय लागलेला माणूस डोंगरात मित्राला हात मागतो आणि त्या बदल्यात मित्राला एक हक्क देतो, आपल्याला थांबवायचा हक्क. ज्या ग्रुपात 'मला भीती वाटतेय, परत फिरू' हे वाक्य कुणालाही न लाजता बोलता येतं त्या ग्रुपातली ट्रिप अर्धवट राहिली तरी कामाची, आणि जिथे ते बोलता येत नाही तिथे लोक शिखरावर झेंडा लावून आले तरी जसे गेले तसेच परत येतात.

आधी गरज का म्हणतो ते बघू. आपल्याकडच्या पुरुषाची मैत्री साधारण पंचविशीत थांबते. शाळा, कॉलेज, होस्टेलची खोली, कट्टा, तिथवर ती जोरात असते, मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलांच्या ॲडमिशन, आणि मित्र उरतात ते लग्नात आणि मयतीला भेटायला. ग्रुपवर रोज शंभर मेसेज येतात पण कुणाचा बाप आयसीयूत आहे हे चौथ्या दिवशी कळतं. भेटलो तरी बोलणं फ्लॅटचे रेट, क्रिकेट, राजकारण आणि बॉस याच्या पलीकडे जात नाही. अमेरिकेत या गोष्टीची मोजदाद झालीये, तिथल्या पाहणीत १९९० मध्ये ३ टक्के पुरुष म्हणाले होते की आपल्याला एकही जवळचा मित्र नाही, २०२१ मध्ये तो आकडा १५ टक्क्यांवर गेला. आपल्याकडे मैत्री कुणी मोजत नाही, पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्या मोजतो, आणि २०२२ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांमध्ये जवळपास ७२ टक्के पुरुष होते, राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. त्यामागे कर्ज आहे, शेती आहे, आजार आहेत, घरगुती भांडणं आहेत, आणि दोन ट्रेक केले असते तर ही माणसं वाचली असती असं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान होईल, मी ते म्हणत नाहीये. पण आपलं काय चाललंय हे सांगायला एक माणूस नसणं ही गोष्ट त्या प्रत्येक कारणाला जास्त जड करते की नाही?

आता कुणी विचारेल की मग बोला ना, चहाच्या टपरीवर बसून बोला, त्यासाठी तोरण्यावर कशाला चढायला पाहिजे. प्रश्न अगदी रास्त आहे आणि ज्यांना टपरीवर बोलता येतं त्यांनी तिथेच बोलावं. पण बहुतेक पुरुषांना समोरासमोर बसून, डोळ्यात डोळे घालून मनातलं सांगता येत नाही हे ज्याने आपल्या वडिलांना किंवा भावाला बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. त्यांना शेजारी शेजारी चालताना सांगता येतं, हाताला काहीतरी काम असताना, नजर वाटेवर असताना, आणि ते सुद्धा थोडं दमल्यावर. तासदोन तास दोघंही नुसते चालत असतात, मोबाईलला रेंज नसते, उठून जायला कारण नसतं, आणि मग एखादं वाक्य सुटतं.

याचं एक उदाहरण मी जवळून बघितलंय. तोरण्यावरून डोंगरधारेने राजगडापर्यंत असा ट्रेक चालला होता. बुधला माचीकडून खाली उतरताना मुरमाड घसारा लागतो, पाय टाकला की खडे घरंगळत खाली जातात, आणि पुढे एक छोटा कातळटप्पा होता. आमच्यातला एक जण, अंगापिंडाने सगळ्यात दणकट, कातळाकडे तोंड करून उतरायला लागला आणि मध्येच थिजला. दोन्ही हातांची बोटं खाचेत रुतलेली, डावा पाय हवेत, आणि पोटरी अशी थरथरत होती की खालून दिसत होतं. कुणी हसलं नाही. खाली उभ्या असलेल्याने सॅक उतरवली, दोन हात वर चढला, त्याचा बूट हातात धरला आणि म्हणाला, पाय सैल सोड, मी नेतो, तुझ्या गुडघ्याच्या खाली डावीकडे खोबण आहे, हां तिथे, आता वजन टाक, टाक बिनधास्त, मी आहे. असं एकेक पाऊल हाताने ठेवत त्याला खाली आणला. खाली आल्यावर तो बराच वेळ दगडावर बसून होता, पाणी प्यायला, आणि मग आम्ही धारेवरून राजगडाच्या अळू दरवाजाच्या दिशेने चालायला लागलो. संध्याकाळ व्हायच्या बेताला त्याने त्याच मित्राशी चालता चालता विषय काढला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, तपासण्या झाल्या होत्या आणि दोष त्याच्यात निघाला होता. घरात कुणाला माहीत नव्हतं. घरात सगळे बोलत होते त्याच्या बायकोला, आणि ती ऐकून घेत होती, कारण त्याने तिला गप्प राहायला सांगितलं होतं.

त्यावर त्या मित्राने डॉक्टर सुचवला नाही, धीर धर वगैरे म्हणाला नाही. तो म्हणाला, वहिनी रोज बोलणी खातायत ते तुला चालतंय का? एवढंच. मी दोन पावलं मागे होतो, मला ते ऐकू आलं आणि मला अजून आठवतं की तो वाटेतच थांबला होता. हा प्रश्न त्याला त्याच्या भावाने विचारला असता तर भांडण झालं असतं, ऑफिसातल्या कुणी विचारला असता तर त्याने संबंध तोडले असते. पण सकाळी ज्याच्या हातात आपला पाय दिला होता त्याला उलट काय बोलणार? ट्रेकवरून गेल्यावर त्याने आईला स्वतः सांगितलं. पुढे त्यांच्या घरात काय झालं हा त्यांचा प्रश्न आहे, पण वाढ म्हणतात ती मला तिथे दिसली, आणि ती कातळावर धाडस दाखवल्याने झाली नव्हती, कातळावर ते संपल्यावर झाली होती.

पण सोबत गेलं की मैत्री आपोआप होते का? अजिबात नाही. याला इतिहासात केटूइतकं, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराइतकं, स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणार नाही, डोंगर तोच, आणि मध्ये फक्त एक वर्षाचं अंतर. १९५३ मध्ये चार्ल्स ह्यूस्टन या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली एक अमेरिकन टीम तिथे होती. सुमारे ७,७०० मीटरवर आठव्या कॅम्पात वादळाने त्यांना दिवसेंदिवस कोंडून ठेवलं आणि त्यातच आर्ट गिल्की नावाच्या त्यांच्या साथीदाराच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. तो चालू शकत नव्हता. त्या उंचीवरून, त्या हवेत, एका माणसाला दोरांनी बांधून खाली उतरवणं जवळपास अशक्य आहे हे डॉक्टर असलेल्या ह्यूस्टनला नक्की ठाऊक होतं, बाकीच्यांनाही ठाऊक होतं, आणि तरी त्याला सोडून जायचा विचार कुणी केला नाही. १० ऑगस्टला उतरताना एकाचा पाय घसरला, त्याने दुसऱ्याला ओढलं, दोर एकमेकांत गुंतले आणि एकामागून एक माणसं कड्याकडे घसरायला लागली. वर पीट शोनिंग नावाच्या तरुणाने खडकामागे आपली आइस ॲक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, रोवली होती, दोर कमरेला वळसा घालून त्याने धरला आणि गिल्कीसकट सहा जणांचा भार एकट्याने पेलला. गिल्की पुढे वाचला नाही, बाकीचे तंबू ठोकत असताना तो उतारावरून नाहीसा झाला, हिमलोटाने नेला की साथीदारांवरचं ओझं उतरावं म्हणून त्याने स्वतःच दोर मोकळा केला यावर गिर्यारोहकांमध्ये अजून चर्चा होते. शिखर कुणालाच मिळालं नाही. आणि तरी गिर्यारोहणाच्या जगात ती मोहीम आज ज्या आदराने आठवली जाते तो आदर कितीतरी यशस्वी मोहिमांच्या वाट्याला आलेला नाही.

पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९५४ ला, इटालियन टीमचे कोम्पान्योनी आणि लाचेदेल्ली केटूवर पोचले, जगात पहिले. आदल्या दिवशी त्यांच्यासाठी ऑक्सिजनची जड नळकांडी पाठीवर वाहून वर आणत होते त्यांच्याच टीममधला वॉल्टर बोनाती आणि पाकिस्तानातल्या हुंझाचा अमीर महदी. ठरलेल्या जागी तंबू नव्हता. तो आणखी वर, आडबाजूला लावलेला होता, अंधार पडला, हाका मारून झाल्या, आणि या दोघांना ८,१०० मीटरच्या आसपास बर्फात एक ओटा खणून उघड्यावर रात्र काढावी लागली. बोनाती वाचला, महदीच्या पायाची बोटं गेली. शिवाय इटलीत दोष बोनातीवरच टाकला गेला, त्याला न्याय मिळायला आणि त्याचं म्हणणं अधिकृतपणे मान्य व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. जो माणूस विजेत्यांसाठी ऑक्सिजन घेऊन आला त्याच्यापासून तंबू का लांब नेला? लाचेदेल्लीने म्हातारपणी, २००४ मध्ये, कबूल केलं की कोम्पान्योनीने तंबू मुद्दाम हलवला होता, आणि त्यामागे बोनाती शिखराच्या चढाईत वाटेकरी होईल ही भीती होती असं मानलं जातं. म्हणजे डोंगर तोच, थंडी तीच, धोका तोच, सगळे पुरुष, सगळे कसलेले. एका टीममधून आयुष्यभराची मैत्री निघाली आणि दुसरीतून आयुष्यभराचं वैर. धोक्याने माणूस घडतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला पाहिजे.

आणि निष्ठा असली तरी ती पुरते असंही नाही. १९५० साली नेपाळमधल्या अन्नपूर्णा शिखरावर मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक चढत होते. लाशनाल आल्प्समधल्या शामोनी गावचा, लोकांना डोंगरात नेणारा गाइड, पायांवर त्याचं पोट. पाय बधिर होतायत हे त्याला कळलं, त्याने एर्झोगला विचारलं की मी परत फिरलो तर तू काय करशील. एर्झोग म्हणाला मी एकटा जाईन. लाशनाल त्याच्यामागे गेला, कारण एकट्याला सोडलं तर हा परत येणार नाही हे त्याला दिसत होतं. ३ जूनला दोघं शिखरावर पोचले, आठ हजार मीटरवरचं माणसाने सर केलेलं ते पहिलं शिखर. लाशनालच्या पायाची सगळी बोटं गेली, एर्झोगच्या हाताची आणि पायाचीही. फ्रान्समध्ये ती शौर्याची गोष्ट म्हणून पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. मला मात्र त्यात मैत्रीतला एकतर्फीपणा दिसतो. लाशनालने मित्रासाठी पाय दिले, पण मित्राला थांबवायचा हक्क त्याच्याकडे नव्हता.

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे येतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा बायकांचा आहे. 'तुम्ही चौघं स्वतःला शोधायला आठ दिवस जाणार, तेवढे दिवस मुलांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, गॅसचा सिलेंडर कोण बघणार?' याला उत्तर नाही असं मी आधी मान्य करतो. सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा त्यात जाणारा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७, आणि त्यात मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. म्हणजे पुरुषाची ट्रिप बऱ्याचदा बायकोच्या श्रमावर उभी असते. हे खरं आहे आणि त्यावर चिडणाऱ्या बायका चुकीच्या नाहीत. पण यातून निघणारा निष्कर्ष 'पुरुषांनी जाऊ नये' हा कसा? निघतो तो असा की बायकांनाही जाता आलं पाहिजे, आणि त्या जातील तेव्हा घर आपण बघितलं पाहिजे, तेही मदत केली म्हणून मिरवत नाही तर आपली पाळी म्हणून. ज्या पुरुषाला घरात 'मला जमत नाहीये' म्हणता येत नाही तो घरात फार काही कामाचाही नसतो, चिडचिड करतो किंवा टीव्हीसमोर बसतो, आणि त्याच्या मनातलं सगळं वाहायचं काम शेवटी बायकोवरच येतं, कारण त्याला दुसरा माणूसच नसतो. बायको हीच एकमेव मैत्रीण असणं ऐकायला छान वाटतं, पण एका माणसावर तो भार फार होतो. त्या राजगडच्या मित्राचं बघा, त्याची बायको जे वर्षानुवर्षं त्याला सांगू शकली नाही ते एका मित्राने एका वाक्यात विचारलं.

दुसरा आक्षेप दारूचा आणि हुल्लडीचा. किल्ल्यावर बाटल्या, धबधब्यात ढकलाढकली, टाक्याच्या पिण्याच्या पाण्यात पाय धुणं, रात्रभर स्पीकर. हे सगळं होतं आणि ज्या गावातून वाट जाते तिथल्या लोकांना त्याचा भयंकर त्रास होतो, त्यावर दंड व्हावा, कडक व्हावा, माझी काही हरकत नाही. मला एवढंच सांगायचंय की त्याचा साहसाशी संबंध नाही. पुण्यामुंबईतली जी मंडळी वर्षानुवर्षं निष्ठेने सह्याद्रीत फिरतात, किंवा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत जाऊन बेसिक कोर्स करून येतात, त्यांच्यात हे दिसत नाही. तिथे पहिल्याच दिवशी अनोळखी माणसांबरोबर एका रोपमध्ये, म्हणजे एका दोरावरच्या गटात, टाकतात, समोरच्याची गाठ आणि हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) तपासल्याशिवाय कुणी कड्यावर जात नाही, आणि स्वतःचीही दुसऱ्याकडून तपासून घ्यावी लागते. मला सगळं येतं म्हणणाऱ्यालासुद्धा.

तिसरा मुद्दा मला जास्त विचारात पाडतो. हे सगळं पश्चिमेकडून आलंय, आपल्याकडे पुरुषांना असं काही लागत नव्हतं, असं बरेच जण म्हणतात. लागत नव्हतं की आपल्याकडे त्याची सोय होती? आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर चालणाऱ्या दिंडीत एकदा जाऊन बघा. एरवी गावात ज्याच्यासमोर पोरं उभी राहत नाहीत असा पाटील माणूस तिथे दुसऱ्या पुरुषाचे हात धरून फुगडी घालतो, वयाने लहान असलेल्याच्या पायावर डोकं ठेवतो, माउली म्हणतो, गळ्यात पडून घळाघळा रडतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पायाला फोड आले तर शेजारचा तेल लावतो. पुरुषाने पुरुषाशी मायेने वागायला आपल्या समाजाने दिलेली ती एक हक्काची जागा आहे, आणि तीही चालण्यातून, थकण्यातून, एका पंगतीत जेवण्यातून आणि एका तंबूत झोपण्यातून तयार होते. भक्ती हा तिचा प्राण आहे, ट्रेकला ते स्थान नाही आणि मी तशी बरोबरीही करत नाही. पण पुरुषांना एकत्र वाट तुडवल्यावर मोकळं होता येतं ही गोष्ट आपल्याला पश्चिमेने शिकवलेली नाही एवढं यातून दिसतं.

आणि मावळ्यांचा वारसा सांगणाऱ्यांशी तर मला जास्तच बोलायचंय, कारण मलाही तो वारसा प्रिय आहे. दर जुलैमध्ये हजारो लोक पन्हाळा ते पावनखिंड आणि पुढे विशाळगड चालतात, भर पावसात, चिखलात, आणि चालताना अंगावर काटा येतो हे मी अनुभवलंय. पण त्या रात्री नक्की झालं काय होतं? १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्महिने बसला होता, आणि महाराजांनी गडावर मरायचं ठरवलं नाही, ते रात्रीच्या पावसात सुमारे ६०० माणसं घेऊन गडाबाहेर पडले. ती माघार होती, नीट आखलेली माघार. बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं खिंडीत उभी राहिली ती माघार तडीस जावी म्हणून. पाच वर्षांनी पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले देऊन टाकले, १२ ठेवले, आणि पुढे गेलेलं परत घेतलं. ज्या राजाला कधी थांबायचं आणि कधी मागे यायचं हे इतकं नेमकं कळत होतं त्याचं नाव घेऊन, ओल्या कातळावर पाय लटपटणाऱ्या पोराला 'मावळा आहेस ना, चढ' म्हणायचं? लढाईतलं बलिदान आणि रविवारची हौस यांना एका मापाने मोजणं हा बाजीप्रभूंवरही अन्याय आहे आणि त्या पोरावरही.

लडाखचं बघू. मनालीहून बाइकवर निघालेले बरेच ग्रुप पहिल्या मुक्कामाला वाटेतल्या सरचूला थांबतात. मनाली साधारण ६,७०० फुटांवर, सरचू १४,००० च्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा साधा नियम आहे आणि इथे एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त चढलेलं असतं. रात्री डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, झोप लागत नाही. आणि तंबूतले चौघेही गप्प पडून असतात, कारण पहिला कोण बोलणार. सकाळी उठून 'मस्त झोप झाली' म्हणतात आणि आणखी वर जातात. यात एखाद्याच्या फुप्फुसात पाणी भरायला लागलं, बसल्या जागी धाप लागायला लागली, तर त्याला ताबडतोब खाली नेणं हाच मुख्य उपाय असतो, आणि प्रत्येक गप्प बसलेला तास महागात पडतो. श्रीनगर-कारगिलमार्गे गेलं तर चढ सावकाश मिळतो, लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहिलं तर शरीर सावरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुट्ट्या मोजून घेतलेल्या असतात, उंच खिंडी मोजून पार करायच्या असतात, आणि 'माझ्यामुळे ट्रिप खराब नको' हे वाक्य प्रत्येकाच्या डोक्यात असतं. याला मैत्री म्हणायचं का? माझ्यामते ज्या मित्राला तुम्ही दुखतंय हे सांगू शकत नाही त्याच्याबरोबर १७-१८ हजार फुटांवर जाणं हाच मुळात चुकीचा निर्णय आहे.

साहसाने खरंच फरक पडतो का याचा अभ्यासही झालाय. १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्हीला कुर्ट हान याने तरुण खलाशांसाठी जी शाळा सुरू केली तिच्यापासून अशा कोर्सेसची परंपरा सुरू झाली, आणि १९९७ मध्ये जॉन हॅटी हा शिक्षण-संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा कोर्सेसवरचे ९६ अभ्यास एकत्र करून तपासले. फायदा दिसला, नुसता दिसला नाही तर कोर्स संपल्यानंतरही तो टिकला आणि वाढला, जे शिक्षणातल्या इतर प्रयोगांत सहसा होत नाही. पण जास्त परिणाम दिसला तो तीनचार आठवड्यांच्या लांब कोर्समध्ये. शनिवारी रात्री बस, रविवारी दीडशे जणांच्या रांगेत हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या, फोटो, परत बस, यात तो परिणाम शोधू नये. दीडशे अनोळखी माणसांत तुम्हाला कोण थांबवणार?

म्हणून बंदीबद्दल माझं म्हणणं असं आहे. धरणाखाली, धबधब्यावर, गर्दीच्या ठिकाणी अतिवृष्टीच्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांनी मनाई करावी, ती पाळावी, त्यात कुणाचाही स्वाभिमान दुखावण्यासारखं काही नाही. पण अख्खा डोंगर चार महिने बंद करायचा आदेश निघाला की नियम पाळणारे, दोर आणि औषधं घेऊन जाणारे, गावात नाव सांगून जाणारे जुने ग्रुप घरी बसतात, आणि ज्यांना थांबवायचं असतं ते चोरून, आडवाटेने, कुणाला न सांगता जातात. मग ते हरवले तर शोधायला कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, नोंदणी आहे, पण ते पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या आयोजकांसाठी, चार मित्र आपले आपणच निघाले तर त्यांना ते लागू होत नाही, आणि होऊही नये. तिथे काम करायचंय ते त्या चौघांतल्या थोड्या अनुभवी माणसाने. पायथ्याच्या गावात चहा घेतानाच त्याने सांगावं की दुपारी अमुक वाजता आपण जिथे असू तिथून मागे वळायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. कुणी एक परत निघाला तर त्याच्याबरोबर कोण जाणार त्याचं नाव आधीच ठरवावं, म्हणजे तो मागे वळायला लाजणार नाही. आणि पहिल्या चढावर, दम लागला असेल तर, तो लागलाय हे त्याने स्वतः सगळ्यात आधी मोठ्याने बोलावं, कारण अनुभवी माणूस बोलल्याशिवाय नवखा पोरगा बोलत नाही.